आक्कांच्या खोल्यांचं लायसन

या जगात मी सगळ्यात जास्त कुणाचा ऋणी असेन तर निपाणीच्या आक्कांचा. त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या, गावच्या नव्हत्या, जातीच्याही नव्हत्या. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. आईवडील संकेश्वरजवळच्या आमच्या गावी दुसऱ्यांच्या उसात राबत होते. मी निपाणीत खोली शोधत हिंडत होतो, पण आमच्या वस्तीचं नाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. आक्कांनीही कुठला म्हणून विचारलं. मी गाव सांगितलं, मग वस्ती सांगितली. त्यांनी माझ्या पिशवीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "न्हाणीत गरम पाणी उजाडायच्या आतच असतंय. मागनं बोंबलायचं न्हाय." एवढ्यावर मी त्या घरात राहिलो. शेवटच्या वर्षापर्यंत राहिलो. मी आज जो काही आहे तो त्या घरामुळं.

आक्कांचे यजमान एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. ते लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. परसात पत्र्याच्या तीन खोल्या होत्या, पूर्वी त्यात तंबाखूची बोदं, म्हणजे गच्च भरलेली पोती, ठेवत. त्या रिकाम्या करून आक्कांनी तिथं मुक्कामाला माणसं घ्यायला सुरुवात केली. सुगीच्या दिवसांत तंबाखू बघायला येणारे मुनीम, बस चुकलेली कुटुंबं, डॉक्टरकडं आलेली खेड्यातली माणसं, पोरगी बघायला आलेले लोक. एक दिवस, दोन दिवस राहायचे आणि जायचे. भिंतींत तंबाखू इतकी मुरली होती की नवा माणूस आत गेला की आधी शिंकायचा. शिंक ऐकू आली की आक्का चहाचं आधण ठेवायच्या.

या माणसांना आमच्या गल्लीत कुणी गिऱ्हाईक किंवा भाडेकरू म्हणत नसे. ते आक्कांचे पाव्हणे. आक्का पैसे घेत, ते सगळ्यांना माहीत होतं, पण विधवा बाईनं धंदा मांडलाय असं म्हणणं कुणालाच बरं वाटत नसे. त्या स्वतःही पाव्हणेच म्हणत. मला मात्र सगळे 'कालेज' म्हणत. "कालेज, जरा पत्ता लिहून दे रं," असं कुणी म्हटलं की मी लिहून द्यायचो.

तंबाखूवरची एक्साइज उठून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. मी शेवटच्या वर्षाला होतो. एका दुपारी नगरपालिकेचा शिपाई नोटीस घेऊन आला. नोटीस कानडीत होती. आक्का कानडी फाडफाड बोलत, पण त्यांना कुठलीच लिपी वाचता येत नव्हती. मी शाळेत कानडी शिकलो होतो. मी वाचून मराठीत सांगितलं, की या घरात परवान्याशिवाय लोकांना मुक्कामाला ठेवलं जातं असं निदर्शनास आलं आहे, तरी परवान्यासाठी अर्ज करावा, नाहीतर खोल्यांना कुलूप लावण्यात येईल.

आक्कांनी नोटीस माझ्या हातातून घेऊन तिची नीट घडी घातली. मग एवढंच विचारलं, की लायसन मिळंल का. मी म्हटलं, मिळेल, अर्ज करू. मला काहीही माहीत नव्हतं. मला त्या क्षणी फक्त भीती वाटत होती. खोल्या बंद झाल्या की आक्कांचं काय होईल ही एक, आणि माझं काय होईल ही दुसरी. दुसरी आधी मनात आली की पहिली, हे आज सांगता येणार नाही.

मी कानडीत अर्ज लिहिला. आक्कांनी खोल्यांना चुना दिला, संडासाला नवं दार बसवलं, पाण्याच्या रांजणावर झाकण केलं. कार्यालयात आम्हाला सांगण्यात आलं, की काही दिवसांत हेल्थ इन्स्पेक्टर पाहणीला येतील. कुठल्या दिवशी ते सांगितलं नाही. आणि आक्कांनी मला बजावलं, "गल्लीत कुणाला बोलू नगंस. सरकारची नोटीस आली म्हटलं की चार तोंडं हलत्यात." त्यांचं म्हणणं मला बरोबर वाटलं. गल्लीला आम्ही काहीच कळू दिलं नाही.

पुढचं सगळं यातून झालं.

त्या दिवशी आक्का एका मयतीला संकेश्वरला गेल्या होत्या आणि मी कॉलेजात होतो. मी परतलो तेव्हा आक्काही नुकत्याच बसमधून उतरून आल्या होत्या. समोरच्या घरातल्या मावशी आमच्या उंबऱ्यावर बसून आमचीच वाट बघत होत्या. मांडीवर विड्यांचं सूप होतं. मावशी विड्या वळायच्या आणि तोंडही त्याच वेगानं चालायचं. त्यांचा चेहरा अगदी फुलला होता.

"आक्का, एक बॅगवाला आलता," मावशी म्हणाल्या. "कोण येतंय, कोण जातंय, किती दिस ऱ्हातंय, समदं इचारत हुता. आमी थांग लागू दिला न्हाय. मी सांगटलं, आक्काच्या म्हायेरची माणसं येत्यात. लई मोठं खटलं हाय. खोल्या भाड्यानं? छ्या, ह्या घरात कोण भाड्यानं ऱ्हातंय."

आक्का खाली बसल्या. मावशींना ते दिसलं नाही. त्या सांगतच राहिल्या. कोपऱ्यावरच्या दुकानदारानंही तेच सांगितलं होतं, शेजारच्या म्हाताऱ्यानंही तेच. कुणी कुणाला विचारलं नव्हतं, पण सगळ्यांनी एकच सांगितलं. परसात त्या दिवशी गुजरातेतल्या एका व्यापाऱ्याचा मुनीम उतरला होता. मावशी मागच्या दारानं धावत जाऊन त्याला सांगून आल्या होत्या, की आक्कांचा मावसभाऊ म्हणून सांगा. आणि त्या भल्या माणसानं डोक्यावर काळी टोपी नीट करून, आपल्या गुजराती वळणाच्या हिंदीत, इन्स्पेक्टरला सांगितलं होतं की मैं इनका मावसभाई.

मावशी हसत होत्या. मला हसू आलं नाही. आम्ही अर्जात नेमकं याच्या उलट लिहिलं होतं.

आक्कांनी मावशींना शब्दानंही बोल लावला नाही. नोटिशीचं, अर्जाचं सगळं सांगितलं. मावशींचा हात सुपातच राहिला. त्या उठल्या, विड्या सांडल्या त्या गोळा केल्या नाहीत, आणि आपल्या घरात गेल्या. पुढं कितीतरी दिवस त्या उंबऱ्यावर बसलेल्या दिसल्या नाहीत.

आमच्या निपाणीच्या बाहेरच्या माणसाला हे समजणं अवघड आहे. तंबाखूवर एक्साइज होती तेव्हा प्रत्येक पानाचा हिशेब सरकारला द्यावा लागे, आणि बॅग घेऊन गल्लीत शिरलेला माणूस एक्साइजचाच असायचा. त्याला खरं सांगणं म्हणजे शेजाऱ्याचं घर बुडवणं. ज्याच्याशी वर्षभर बोलणं नाही, त्याच्यासाठीसुद्धा माणसं खोटं बोलत. एक्साइज उठली, पण ही सवय उठली नव्हती. गल्लीनं आक्कांना वाचवलं होतं, आपल्या समजुतीप्रमाणं.

दुसरी नोटीस आली तेव्हा शिपायानं ती माझ्या हातात देताना माझ्याकडं नीट पाहिलं. आक्का तांदूळ निवडत होत्या. मी वाचू लागलो. अर्जदार बाई म्हणतात खोल्या मुक्कामाला देते. शेजारी म्हणतात येणारे सगळे नातेवाईक. जागेवर सापडलेला इसम परप्रांतीय असून त्यानंही नातं सांगितलं. तरी सदर घरात परपुरुषांची ये-जा लपवली जात असून... इथं मी थांबलो, आणि एक ओळ सोडून पुढं वाचलं, की चीफ ऑफिसरांसमोर हजर राहून खुलासा करावा, अन्यथा पोलिसांत कळवण्यात येईल.

"मधलं वाच," आक्का म्हणाल्या.

मी म्हटलं, मधलं तसं काही नाही.

"कालेज, मधलं वाच."

मी वाचलं. त्यातला 'अनैतिक' हा शब्द कानडीतही अनैतिकच आहे. मराठीत सांगायची गरज पडली नाही. आक्कांनी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं, उठल्या, आणि भर दुपारी घराचं पुढचं दार लावून घेतलं. ते दार दिवसा लावलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

खुलाशाच्या तारखेपर्यंतचे दिवस कसे गेले ते सांगणं कठीण आहे. गल्लीतून चालताना कुणी मागं बोलतंय असं वाटे. बूट वाजले की मी खिडकीतून रस्त्याकडं बघे. एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन आली, डॉक्टरनं उद्या परत बोलावलंय म्हणाली. आक्कांनी तिला दारातूनच परत पाठवलं. मग कितीतरी वेळ दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. पोलीस आले तर ते मला काय विचारतील याची मी मनात उत्तरं तयार करत होतो. विधवा बाई, घरात येणारे परके पुरुष, आणि मी एक तरणा पोरगा, तिथंच राहणारा, नात्याचा नसलेला. माझं नाव पोलिसांच्या कागदावर गेलं की कॉलेजचं काय, नोकरीचं काय. आणि माझ्या वडिलांना, ज्यांनी पोलीस दिसला की आयुष्यभर रस्ता बदलला, त्यांना कुणीतरी चावडीवर बोलावून सांगेल की तुमचा शिकणारा पोरगा असल्या घरात सापडला.

आक्कांना हे दिसत होतं. त्या म्हणाल्या, "तू गावाकडं जा. हे मिटंपातूर हिकडं फिरकू नगंस. तुझी परीक्षा हाय." मी गेलो नाही. यात धाडस काही नव्हतं. परीक्षा जवळ आली होती, आणि निपाणीत मला पाठ टेकायला दुसरी जागा नव्हती.

मी गल्लीत घरोघर जाऊन विनवलं, की ऑफिसात येऊन खरं काय ते सांगा. दुकानदार म्हणाला, आधी खोटं सांगितलं म्हणून मलाच आत घातलं तर? शेजारच्या म्हाताऱ्यानं ऐकू येत नाही असं केलं. एकानं मला टोमणा मारला, "साळा शिकलास न् सायबापुढं आमाला हुबं करतोस व्हय रं?" मावशींच्या दाराशी गेलो तर दार अर्धं लावलेलं होतं. आतून त्यांच्या सुनेनं सांगितलं, सासूबाईंना बरं नाही. मला कुणाचाही राग आला नाही. मलाही तशीच भीती वाटत होती, ते कशाला भितात ते मला पक्कं कळत होतं.

तारखेला मी आणि आक्का चालत नगरपालिकेत गेलो. आक्का धुतलेलं पांढरं लुगडं नेसल्या होत्या. व्हरांड्यात बाकावर एक बाई डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. जवळ गेल्यावर कळलं, मावशी. लग्नाकार्याला नेसायचं जरीकाठी लुगडं नेसलेल्या. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते. आक्का त्यांच्याशेजारी बसल्या. मावशी समोर बघतच म्हणाल्या, "मी बोलतो. तुमी गप ऱ्हावा."

चीफ ऑफिसर धारवाडकडचे, वयस्क होते. कानडीत बोलत, पण मराठी समजे. इन्स्पेक्टर बाजूला उभा होता. मला वाटलं होतं तो दुष्ट असेल, पण तो एक दमलेला माणूस होता, सारखं घड्याळ बघणारा. साहेबांनी आक्कांना विचारायला सुरुवात करायच्या आधीच मावशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की ह्या साहेबांना खोटं सांगणारी बाई मी. आक्काच्या घरात पाव्हणं बिव्हणं कोण येत न्हाय, समदी पैसं देऊन ऱ्हात्यात. तो टोपीवाला तर मीच मावसभाऊ केला.

साहेबांनी विचारलं, मग खोटं का सांगितलं?

मावशींना घाम फुटला होता. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "सायेब, आमच्या गल्लीत बॅगवाला माणूस तंबाखूच धुंडाळाय यायचा. माझ्या सासऱ्यानं एकदा तंबाखू अंथरुणाखाली घातली न् वर मला बाळंतीण म्हणून निजवली. कुशीतलं लेकरू सुदिक शेजारणीचं. सायेब दारातनंच माघारी गेलं. तवापासनं तोंडातनं आपसूक येतंय. आक्काला काय बोलू नगासा. मला काय करायचं ते करा."

इन्स्पेक्टरनं मान खाली घातली, त्याचे खांदे हलत होते. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी आक्कांना एकेक विचारलं. किती खोल्या, पाणी कुठलं, बायकांची सोय वेगळी का, आलेल्या माणसाचं गाव लिहून घेता का. आक्कांनी नीट उत्तरं दिली. साहेब म्हणाले, एका वर्षाचं लायसन देऊन बघू, पुढचं पुढं. मात्र मुक्कामाचं लायसन म्हणजे मुक्कामच. कायमचं बिऱ्हाड कुणाचं असता कामा नये.

मला सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात त्यांनी पेन माझ्याकडं रोखलं.

"आणि हा कोण?"

आक्कांनी माझ्याकडं पाहिलं. भाचा म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता. घरचा माणूस घरात राहतो, त्याला लायसन लागत नाही. मावशींच्या ओठांवर ते आलेलं मला स्पष्ट दिसलं. मीही मनातून तेच मागत होतो. पण सगळ्यांना पाव्हणे म्हणत गेल्यामुळंच आम्ही तिथं येऊन उभे राहिलो होतो, आणि इन्स्पेक्टरनं मान वर करून आक्कांच्या तोंडाकडं बघायला सुरुवात केली होती.

"ह्यो माझा कुणी न्हाय," आक्का म्हणाल्या. "शिकाय ऱ्हायलाय."

साहेबांनी लिहून घेतलं. म्हणाले, मग महिनाअखेर याला दुसरीकडं सोय बघायला सांगा.

परत येताना मावशी आमच्यापुढं भराभर चालत होत्या, धरलेल्या माणसाला सोडल्यावर तो चालतो तशा. आक्का मागं राहिल्या. घरी आल्यावर त्यांनी पुढचं दार उघडलं, चूल पेटवली, आणि मला जेवायला वाढलं. वाढताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. महिनाअखेरीला मी माझी ट्रंक उचलली आणि एका वखारीच्या राखणदाराच्या खोलीत राहायला गेलो. रोज संध्याकाळी आक्का कुणाच्या तरी हाती भाकरी पाठवायच्या, पण स्वतः कधी आल्या नाहीत, आणि मी घरी गेलो की कामाचं निमित्त काढून आत जायच्या. मी पास झालो, बेळगावला एका कचेरीत लागलो, तिथल्याच अनगोळ भागात खोली घेतली. नगरपालिकेनं दिलेलं वर्ष संपत आलं तेव्हा मी आक्कांना पत्र लिहिलं. मला आधी कच्चं लिहायची सवय होती, म्हणून त्या पत्राचा कच्चा कागद माझ्याजवळ राहिला. मावशींच्या सुनेनं ते आक्कांना वाचून दाखवलं, असं नंतर कळलं.

तीर्थरूप आक्कांना,

माझा जयभीम आणि नमस्कार. मी बरा आहे. जेवणाची सोय नीट आहे, भाकरी तुमच्यासारखी नाही पण पोट भरतं. पहिल्या पगारात वडिलांना धोतर घेतलं. तुमच्यासाठीही एक लुगडं घेऊन ठेवलं आहे, पोस्टानं पाठवायला मन होत नाही.

लायसनची मुदत महिनाभरात संपेल. अर्ज मुदतीच्या आधी पोचला पाहिजे. मी येत्या रविवारी येऊन लिहून देईन, तुम्ही दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ नका. चुना आधीच देऊन ठेवा. गल्लीत या वेळी सगळ्यांना सांगा, कुणालाही सोडू नका, कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही सांगा. साहेबांची बदली झाल्याचं इथं आमच्या कचेरीत कळलं. नवे कसे आहेत ते कुणाला ठाऊक नाही. ते ऐकल्यापासून मला नीट झोप लागलेली नाही. तुम्हाला धीर द्यायला पत्र लिहायला बसलो आणि हेच लिहून बसलो, याचा राग धरू नका.

मावशी परवा इथं दवाखान्यात भेटल्या. म्हणाल्या की ऑफिसात माझ्याबद्दल जे बोललात ते तुम्ही अजून मनाला लावून घेतलं आहे, म्हणून माझ्यासमोर बसत नाही. आक्का, तुम्ही खरं तेच सांगितलंत. दुसरं काही सांगितलं असतं तर त्या इन्स्पेक्टरनं पेन परत उघडलं असतं. त्या वेळी मला वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण खोल्या उघड्या राहिल्या. मी रोज संध्याकाळी इथं बसून विचार करतो की आज कोण उतरलं असेल, कोण शिंकलं असेल.

रविवारी मी सकाळच्या बसनं येतो. दुपारपर्यंत अर्ज होईल. त्यानंतर जेवायला मी थांबणार आहे, आणि तुम्ही समोर बसायचं आहे.